गाडीच्या पाठीवरची तीन अक्षरं

माझ्या मेहुण्यानं मागच्या महिन्यात नवी गाडी घेतली आणि पेढे घेऊन घरी आला. बसल्या बसल्या त्यानं मोबाइल माझ्या नाकापुढं धरला. त्यात एक माणूस गाडीच्या डिकीवरची मॉडेलची अक्षरं काढून कशी टाकायची ते हसत हसत शिकवत होता. मेहुणा म्हणाला, "दाजी, आपन बी काढून टाकावं का? मागून लय साफ दिसतीय गाडी. तुमाला तर अनुभव हाय."

अनुभव हा शब्द त्यानं सहज वापरला नव्हता. आमच्या सगळ्या सोयऱ्यांत या विषयातला अनुभवी माणूस मी एकटाच. मी दुसरा पेढा तोंडात घातला, म्हणजे बोलायला नको. तो गेल्यावर मात्र बराच वेळ त्याच विषयात बसून राहिलो.

आमची गाडी ही आमच्या घराण्यातलं पहिलं चारचाकी वाहन. रंग पांढरा, आणि त्या गाडीतलं सगळ्यात खालचं मॉडेल. काचा हातानं फिरवून वर-खाली करायच्या. किल्ली दारात घालून फिरवायची. बटण दाबलं की लांबूनच टुक टुक करून डोळे मिचकावणाऱ्या गाड्या वेगळ्या. डिकीवर उजव्या अंगाला तीन चंदेरी अक्षरं होती, बोटभर उंचीची. जाणकाराला ती वाचली की कळायचं, या माणसाचे पैसे कुठपर्यंत पुरले. आमच्याकडं माणसाचं आडनाव विचारून जे जाणून घेतात, ते गाडीच्या बाबतीत पाठीमागून जाऊन वाचून घेतात. आडनावाचं काही वाटून घ्यायचं मी कधीच सोडलं होतं. त्या तीन अक्षरांचं मात्र वाटायचं, कारण मेहुण्याकडं तेव्हा आमच्यासारखीच गाडी होती, तोच रंग, आणि सगळ्यात वरचं मॉडेल.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, यातलं काही नव्हतं. ते येलदरीच्या धरणावर नोकरीला होते. भिंतीवर पट्टी रंगवलेली असते, तिच्यावर पाणी कोणत्या आकड्याला टेकलंय ते वाचायचं आणि वहीत लिहायचं, एवढं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर परभणीत माझ्याकडं राहायला आले. गाडी आली तेव्हा त्यांनी दुसरी किल्ली मागून घेतली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. गाडी चालवता येत नव्हती. किल्ली लागायची ती आधी जाऊन बसायला.

रविवारी आम्ही निघायचो. कधी झरीपर्यंत जाऊन चहा पिऊन माघारी, कधी थेट येलदरी. मी मोजे शोध, चष्मा शोध करत बाहेर यायचो तोवर अण्णा डावीकडच्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसलेले. त्यांची बसायची एक पद्धत होती. सरळ दाराकडं जायचे नाहीत. आधी गाडीच्या मागं जायचे, डिकीवर हात ठेवायचे, जरा फिरवायचे, मग डाव्या अंगानं पुढं येऊन दार उघडायचे. बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. मी हे लोकांना कौतुकानं सांगायचो. आमचे अण्णा गाडीला थोपटल्याशिवाय आत बसत नाहीत, म्हणायचो. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावायचे. माझेही, कारण गोष्ट मी चांगली सांगतो.

एका दुपारी जेवताना मी सहज म्हणालो, डिकीवरची अक्षरं काढून टाकावी म्हणतो. अण्णांचा घास हातातच राहिला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "हाय ते हाय."

मी म्हणालो की उगाच कमीपणा वाटतो. ते म्हणाले, काय खायलेत का ते अक्षरं तुला. मी पुन्हा काही बोललो. ते पुन्हा म्हणाले, ऱ्हाऊ दे. कारण काही सांगेनात. असं दोन-तीन दिवस चाललं आणि मग मला, रात्रंदिवस विचार करणाऱ्या त्यांच्या हुशार मुलाला, उलगडा झाला. हा स्वाभिमान आहे. ज्या पिढीनं आपलं काही लपवायचं नाही असं ठरवलं, नावासकट, गल्लीसकट, त्या पिढीचा हा माणूस आहे. तो आपल्या गाडीची पायरी कशी लपवू देईल?

हा उलगडा मला इतका आवडला की वस्तीतल्या विहारात एका कार्यक्रमात चार शब्द बोलायची पाळी आली तेव्हा मी चाळीस बोललो. आपण आहोत तसं दिसावं, यावर. उदाहरण घरचंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा पुढच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, भारावले.

घरी येताना त्यांनी एवढंच विचारलं, "मंग आता न्हाई ना काढायचे?"

माझं वाचन चांगलं आहे असंही त्याच काळात ते म्हणायला लागले होते. सकाळचा पेपर मोठ्यानं वाचायला लावायचे. उच्चार सुधारतात म्हणायचे. पन्नाशीला टेकलेला मी, अग्रलेखसुद्धा चढ-उतारासह वाचून दाखवायचो. आणि येलदरीला गेलो की काठावर उभं करून विचारायचे, सांग बघू, पट्टीवर कुठं हाय पाणी. मी सांगितलं की म्हणायचे, बरोबर. मला वाटायचं, परीक्षा घ्यायलेत.

मग वालूरला बायकोच्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. मेहुण्याचा फोन आला. तो म्हणाला, दाजी, दोन्ही गाड्या शेजारीशेजारी लावू, जुळे भाऊ दिसतील, फक्त एक शाळेत गेलेला अन् एक न गेलेला. बायको हसली. मी पण हसलो. फोन ठेवला आणि भाषणाचं जे काही माझ्यात शिल्लक होतं ते तिथं संपलं.

लग्नाच्या आदल्या सकाळी बायको बाजारात गेल्यावर मी तिचं केस वाळवायचं मशीन काढलं. स्वयंपाकघरातून वायर जोडून अंगणात आणली. गरम हवेनं डिंक मऊ होतो आणि मग मजबूत दोरा अक्षरामागून करवतीसारखा ओढायचा, असं मला कळलं होतं. पंधरा-वीस पावलांवर ओसरीत अण्णा उन्हाला बसले होते, तोंड माझ्याचकडं.

"कशाचा आवाज हाय रे?" त्यांनी विचारलं.

माझ्या हातात गुलाबी मशीन, दातात दोरा. मी म्हणालो, "हवेचा पंप हाय, अण्णा. गाडी धुवायलोय."

ते माझ्याकडं सरळ बघत म्हणाले, "बरं."

मला वाटलं, बघून न बघितल्यासारखं करायलेत. मुलाचं मन राखायलेत. पहिली दोन अक्षरं सुटली, तिसरं मधून मोडलं. उरलेला डिंक काढायला खोबरेल तेल चोळलं, त्यावर धूळ बसून तिथं एक काळपट डाग झाला, तो कपडे धुवायच्या साबणानं घासला. दुपारपर्यंत गाडीची पाठ गुळगुळीत. कोणतं मॉडेल ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सगळे एकदमच निघालो. आई, बायको, अण्णा, आहेराच्या पिशव्या, असा गोंधळ करत बसलो. वालूरला गावाबाहेर एका कापणी झालेल्या रानात गाड्या लावायची सोय केलेली. तीस-पस्तीस गाड्या असतील, आणि आमच्या जिल्ह्यात गाडी म्हटलं की पांढरी. लग्न लागलं, जेवणं झाली. जेवल्यावर अण्णांना गाडीत जाऊन बसायचं असतं हे सगळ्यांना माहीत, त्यामुळं ते उठून गेले तेव्हा कुणी विचारलं नाही.

मी आणि मेहुणा मांडवाच्या कडेला पान खात उभे होतो. तिथून रान दिसत होतं. अण्णा एका गाडीच्या मागं गेले, डिकीवर हात फिरवला. पुढच्या गाडीकडं गेले, तिच्यावर फिरवला. मग तिसरी. एक जीपवाला सावलीला बसला होता, तो म्हणाला, बाबा, सगळ्याच गाड्या पुसायलात का. बाकीचे ड्रायव्हर हसले.

मेहुणा मला म्हणाला, "दाजी, अण्णा मॉडेल तपासायलेत सगळ्यांचे."

मी म्हणालो, "सरकारी माणूस हाय. नोंद घेतल्याशिवाय सोडायचे न्हाईत."

आणि आम्ही दोघं हसलो. हे हसणं मी काढून टाकू शकलो असतो तर बरं झालं असतं.

अण्णा आमच्या गाडीपाशी आले. उजव्या अंगाला हात ठेवला. हात तिथं थांबला, मागं आला, पुन्हा गेला. वर फिरला, खाली फिरला. दोन-तीनदा. मग त्यांनी हात काढून घेतला आणि ते आमची गाडी ओलांडून पुढच्या गाडीकडं गेले.

माझ्या तोंडातलं पान तसंच राहिलं. मेहुणा अजून काहीतरी बोलत होता.

मी रानात पोचलो तेव्हा गाड्यांची रांग संपली होती. तिच्यापुढं ढेकळात अण्णा उभे होते. किल्ली हातात, तोंड मोकळ्या रानाकडं. त्यांचा फोन खिशातच होता. त्यांना मला हाक मारता आली असती, त्या जीपवाल्याला विचारता आलं असतं. त्यातलं काही न करता ते कुणाची तरी वाट बघणाऱ्या माणसासारखे आरामात उभे होते, आणि मानेवरून घाम उतरत होता.

"अण्णा," मी म्हणालो.

आवाजावरून त्यांनी तोंड वळवलं. "आलास का. कुटं लावलास गाडी?"

"हितंच हाय. तुमच्या मागं."

मग म्हणाले, "अक्षरं काढलास का?"

"काढले."

"ते हवेचं पंप म्हणलास, तवा?"

"हो."

"मला वाटलं, असतंय गाडीला तसलं बी." ते हसले. मग हसू गेलं आणि म्हणाले, "सांगायचं तरी."

गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं. दीड वर्ष झालं होतं. नजरेच्या मधोमध डाग धरलाय, म्हणाले. कडंकडंनी दिसतं, त्यामुळं ठेच लागत नाही. माझा शर्ट दिसतो, तोंड दिसत नाही. गल्लीत शेजारच्याची गाडी अगदी आमच्यासारखी, एकदा तिच्याच दाराला किल्ली लावत बसले होते. तेव्हापासून ती तीन अक्षरं पाठ केली. मधलं फुलीसारखं आहे, ते बोटाला लवकर लागतं.

मी विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत. ते समोरच्या काचेकडं बघत राहिले. तीस वर्षं भिंतीवरचे आकडे वाचून पगार घेतलेला माणूस.

"तुझ्या आईला सांगू नको," म्हणाले. "तिला कळलं की ती हात धरील. एकदा धरला की मंग कोणी सोडत न्हाई."

हे काही लपून राहणारं नव्हतं. डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, वर्षभर आधी आला असता तर काही करता आलं असतं. वर्षभर आधी मी त्यांना अग्रलेख वाचून दाखवत होतो. आईला दवाखान्याच्या कागदावरून समजलं, आणि अण्णा म्हणाले होते तसंच झालं. बाजारात हात, विहारात हात, पायरी उतरताना हात. ते हात देत गेले.

जिंतूर रोडवरच्या दुकानात मी नवी अक्षरं आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, साहेब, सगळ्यात वरच्या मॉडेलची देतो, भाव एकच आहे, कोण बघतंय. मी म्हणालो, खालचीच द्या. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू अशी मागणी आजवर कुणी केली नसावी. घरी येऊन चिकटवली. माझ्या हातानं जसं होतं तसं झालं. अण्णांनी बोट फिरवलं.

"तिरपे झालेत," म्हणाले.

"हो."

"असू दे. आता तर चुकायलाच नको. असे तिरपे जिल्ह्यात कोणाचे नसतील."

पुढच्या रविवारी आई त्यांचा हात धरून दारापर्यंत आली. तिथं त्यांनी हात हळूच सोडवून घेतला. "गाडीपत्तोर मी जातो," म्हणाले. तेवढं तिनं ऐकलं. तेव्हापासून मी गाडी नेहमी घराकडं पाठ करून लावायला लागलो. शेजारी म्हणायचे, उलटी काय लावता, निघताना त्रास होतो. दारापासून डिकीपर्यंत वीस पावलं. अण्णा ती एकटे जायचे, आम्ही आतच थांबायचो, कुणी खिडकीतूनसुद्धा बघायचं नाही असं न ठरवता ठरलेलं. मी मोजे सापडले तरी शोधत राहायचो. मग बाहेरून डावीकडचं दार लागल्याचा आवाज यायचा, जरा जास्तच जोरात, आणि पाठोपाठ त्यांची हाक यायची, चल, बसलो.

वीस पावलं तीन वर्षं त्यांची राहिली. शेवटच्या पावसाळ्यात अंगणात शेवाळ झालं होतं, ते मी रोज खराट्यानं घासायचो. आता घासत नाही. कुणी तिथून एकटं चालत जात नाही.

रविवारी मी अजून निघतो. चष्मा हातात असतो, मोजे पायात असतात, आवरायचं काही उरलेलं नसतं. तरी दाराच्या आत उभा राहतो, गाडीचं डावीकडचं दार लागल्याचा आवाज येईल म्हणून. मग बायको आतून विचारते, निघाला नाहीत का अजून, आणि मी काहीतरी शोधतोय म्हणून सांगतो.