जैनाबादची म्हैस आणि माझी जीभ

लहानपणी माझी जीभ फार लांब होती. आता दात गेल्यामुळे तिला बाहेर पडायला वाट मोकळी झाली आहे, पण तेव्हाची धार राहिली नाही. मी बारा-तेरा वर्षांची असेन. मराठी शाळेत चार बुकं झाली होती आणि अख्ख्या बऱ्हाणपुरात माझ्याएवढं शहाणं कोणी नाही अशी माझी खात्री होती. राज्य कसं चालवावं हे मी इंग्रज साहेबालाही सांगितलं असतं. त्यानं विचारलं नाही, एवढंच.

त्या वर्षी चैत्रातल्या कुस्त्यांच्या दंगलीत माझ्या दादानं जैनाबादच्या पैलवानाला चीत केलं. जैनाबाद म्हणजे तापीपलीकडचं गाव, आणि तिथला हा पैलवान म्हणजे दारातून आडवा होऊन आत येणारा माणूस. दादा आमच्या बागेतले केळीचे घड गाडीत चढवणारा काटकुळा मुलगा. पैलवानाची ठरलेली जोड तापानं पडली, म्हणून आयत्या वेळी याला उभं केलं. पैलवान हसत हसत वाकला, दादा त्याच्या काखेखालून मागे गेला, आणि काय झालं ते कळायच्या आत पैलवानाची पाठ मातीत. तंबूत टोप्या उडाल्या.

दुसऱ्या दिवशी दंगलीचा ठेकेदार आमच्या ओट्यावर हजर. तंबू त्याचा, तिकिटं त्याची.

"हीच जोड पुन्हा लावायची, आखाजी झाली की," तो माझ्या वडलांना, आबांना, म्हणाला. "पण पहिल्यांदा लोक चुकून आले जी. आता रागानं आले पाहिजेत. दुश्मनी दिसली पाहिजे. छोटे पैलवान, तुम्ही त्या जैनाबादवाल्यावर दोन कडक गोष्टी बोला. मी इश्तिहारात छापतो."

दादा अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. "ते मोठे आहेत. हरल्यावरही त्यांनी माझ्या पाठीवरची माती पुसली. काय बोलू?"

"मग हेच छापू का? माती पुसली म्हणून? कुत्रं येणार नाही तंबूत!"

मी दाराआड उभी होते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. आमच्याकडे आखाजीला दोन काठांच्या मुली नदीवर समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींना शिव्या घालतात, ढेकळं फेकतात. ती त्या दिवसाची रीतच आहे. कोणी रुसत नाही. त्यासाठी मी महिनाभर आधीपासून शिव्या घोटून ठेवायची. इथं तर छापायला माणूस दारात आलेला.

"लिहा," मी आतूनच म्हटलं, "म्हैस मालगुजाराची, दूध मालगुजाराचं, पैलवानाची नुसती मिशी!"

ठेकेदाराची मान गर्रकन वळली. "आणखी?"

आणखी सात सांगितल्या. माय चुलीपासून ओरडली, "अवं चूप बैस, तुझं लग्न व्हायचं आहे अजून!"

म्हशीचं खरंच होतं. जैनाबादच्या मालगुजारानं, म्हणजे गावच्या जमीनदारानं, पैलवानाला खुराकासाठी एक म्हैस देऊन ठेवली होती. पैलवान तिचं तांब्याभर दूध पीत असेल. बाकी सगळं त्याच्या पाच लेकरांच्या पोटात जायचं. हे मला ठाऊक नव्हतं, आणि करून घ्यायची गरजही वाटली नव्हती.

इश्तिहार निघाले. टांग्यात ढोल वाजवत माणूस ओरडत फिरू लागला. आठ दिवसांत माझी मिशी सगळ्या शहराच्या तोंडी. मी पाण्याला गेले की कान टवकारून ऐकायची आणि घागर जास्तच ठसक्यात उचलायची.

ते मालगुजाराच्या कानावर गेलं. आपल्या म्हशीचा असा डंका वाजलेला त्याला झोंबला. त्यानं चार माणसांत जाहीर केलं, "आता जो जिंकेल, म्हैस त्याची."

ठेकेदाराला आनंद मावेना. त्यानं म्हशीची शिंगं रंगवली आणि तिला टांग्यामागून मिरवली.

आखाजीला आम्ही नदीवर गेलो. तापीचं पाणी आटून मधे एक धार राहिलेली. पलीकडे पैलवानाची थोरली लेक, माझ्याच वयाची. दर वर्षी ती मला माझ्याच तोडीची उत्तरं द्यायची. मी पुढे होऊन म्हशीचं म्हटलं. आमच्या पोरी खिदळल्या. तिनं हातातलं ढेकूळही फेकलं नाही. मी पुन्हा म्हटलं.

"बोल की! जीभ गिळली का?"

तिच्या हातातलं ढेकूळ तिनं खाली टाकलं. "म्हैस गेली तर लहानग्याला काय पाजू, ते सांग," म्हणाली. ओरडून नाही, साधं विचारल्यासारखं. पण धार अरुंद होती, सगळं ऐकू आलं.

घरी येऊन मी दादाला धरलं. "दादा, तू हर ना."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हरता येतं. हरून दाखवता येत नाही. तो माणूस पहिल्याच पकडीत ओळखेल. मग जन्मात माझं तोंड पाहणार नाही."

आणि तो जिंकला. तंबूत मुंगीला जागा नव्हती म्हणतात. म्हैस रंगवलेल्या शिंगांनिशी, पारडासकट आमच्या गोठ्यात आली.

आली, पण दूध देईना. माय बसली, लाथ. आबा बसले, लाथ. सरकी घातली, गूळ चारला, पारडू सोडलं; चार थेंब. पारडू रोडावलं. तिसऱ्या दिवशी माय म्हणाली, "जिनं जीभ चालवली, तिनं जावं नदीपलीकडे."

मी गेले. एवढी बोलकी मुलगी, पण त्यांच्या उंबऱ्याबाहेरच थांबले. पैलवानाची लेक भाकरी थापत होती.

"म्हैस पान्हा सोडत नाही," मी म्हटलं.

"ती माझ्याशिवाय सोडतच नाही," ती म्हणाली. आणि हसली, खरं सांगते, चांगलीच हसली. "तुझी ती मिशी लावून बस धार काढायला."

पण पीठ झटकून उठली. आमच्या गोठ्यात येऊन तिनं म्हशीचं गळ्याखालचं कातडं खाजवलं, कानात काहीतरी गुणगुणली, आणि कासंडी फेसानं भरली. पैलवान तिला पोचवायला आला होता. आबांनी त्याला ओट्यावर बसवलं. बक्षिसाची म्हैस परत द्यावी तर मालगुजाराचा अपमान. शेवटी दादानंच तोड काढली: जनावर आमचं, पण सांभाळायला अर्धलीनं त्यांच्याकडे. पारडू मोठं झालं की निम्मं-निम्मं. दूध ज्याच्या गोठ्यात, त्याचं. आम्हाला सकाळचा तांब्याभर.

त्याच संध्याकाळी म्हैस नदी उतरून गेली. मागे दादा आणि पैलवान, ढाकेचा डाव कसा मारायचा यावर हातवारे करत. ठेकेदारानं पुलावरून ते पाहिलं आणि कपाळ बडवून घेतलं.

पावसाळ्याआधी तिसरी कुस्ती लावायची म्हणून तो पुन्हा आला. दादाला हात जोडून म्हणाला, "नदी उतरताना निदान तोंडं तरी फिरवत जा रे." मग दाराकडे वळून, "बाई, काही तिखट सांग. तूच तारशील."

"मला आता येत नाहीत," मी म्हटलं.

खोटं बोलले. येत होत्या, चांगल्या अकरा तयार होत्या. पण दुसऱ्या सकाळी तांब्या घेऊन मलाच तिच्या दारात जायचं होतं.