डावी पाकळी
डिचोलीच्या बाजारात ओल्या फुलांचा वास आला की मला पेडण्यातल्या आमच्या देवळाचा गाभारा आठवतो. डॉक्टरांनी वडिलांचं ऑपरेशन लगेच करायला सांगितलं होतं, पण आमच्या घरात देवाचा कौलप्रसाद घेतल्याशिवाय काही ठरत नसे. भटजींनी मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाण्याने पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी सारखा घड्याळ बघत होतो. "देवाक घाई नाय, तुकाच आसा," काका म्हणाले. तेवढ्यात डावी पाकळी घसरली. आई माझ्याकडे वळली. "तू शिकलेलो. तू सांगशीत तसा करूया." डॉक्टरांचे शब्द माझ्या ओठांवर होते. पण ऑपरेशनात वडील गेले तर बोल मला लागेल, या भीतीने मी म्हणालो, "देवाचा आयकूया." "शहाणो आसा हो तुजो झील," काका आईला म्हणाले. वडील पावसाळ्याआधीच गेले. ऑपरेशनने ते वाचले असते की नाही, कोण जाणे. आई मात्र अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, माझ्या शहाणपणामुळे ते आपल्या माणसांत, आपल्या खाटेवर गेले. मी खाली मान घालून ऐकत राहतो, आणि माझ्या त्या गप्प बसण्यालाही ती शहाणपणच म्हणते.