बांधामागचा ढीग: बारा लेकरांसह बिडकीनच्या शेतात

मी शिकवते त्या बालवाडीच्या मागं खोलीएवढी मातीची जागा आहे. तिथं फरशी बसवायचं जवळजवळ ठरलं होतं. मुलांचे कपडे मळतात, ही पालकांची तक्रार. मी मोठ्या बाईंकडे एक दिवस मागून घेतला. मुलांना शेतात नेते, मग काय ते ठरवा.

"न्या," बाई म्हणाल्या. "पण नेहाताई सोबत येतील. त्यांनी हो म्हटलं तर माती राहील."

फरशीचा आग्रह सर्वांत जास्त नेहाताईंचाच होता. चार वर्षांची ओवी त्यांची मुलगी, बुटाशिवाय कधी जमिनीवर न उतरलेली.

आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली मीच. चुकलं तर सांगणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून याद्या करायची सवय लागली. या वेळच्या यादीत सगळ्यात वर होती रुक्मिणमावशी, माझ्या आईची बहीण. बिडकीनच्या अलीकडं शेतात राहते. तिला मी चार वेळा फोन केला आणि चारही वेळा एकच सांगितलं: "मावशी, जागा साफ ठेव. शहरातली लेकरं आहेत."

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी आठला शहरातल्या शहागंजहून मिनीबस सुटली. बारा मुलं, नेहाताईंसह चार पालक, भाडं मुलामागे दोनशे. पैठण रस्त्यानं एरवी तासाभराची वाट, पण लहान मुलं असतील तर दीड तास धरा. रस्त्याचं काम चालू होतं, खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या आणि चितेगावच्या आधीच दोघांना उलट्या झाल्या. पिशव्या यादीत होत्या.

मावशी बांधावर उभीच होती. तिच्यामागचं अंगण बघितलं आणि मला माझे चारही फोन आठवले.

तिनं दोन दिवस खपून सगळं झाडलं होतं. खडे, काटक्या, चिंचेच्या वाळक्या शेंगांची बोटकं, लिंबाखालचा पाचोळा, काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं. वर शेणानं सारवून कडेनं रांगोळीही काढली होती. पाहुणे यायचे म्हटल्यावर आमच्याकडं असंच करतात, आणि हे मला ठाऊक असायला हवं होतं.

मुलांनी मुकाट्यानं चपला काढल्या आणि पंगतीला बसावं तशी ओळीनं बसली. हात मांडीवर.

मिनीबसचे चालक सलीमभाई दारातून म्हणाले, "मॅडम, बच्चे इत्ते चुप कायकू बैठे? किसीने डांटा क्या?"

नेहाताई मात्र खूश. "किती छान. अगदी फरशीसारखं."

दिवस हातातून गेला असं वाटलं. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं, सगळे हुरडा खाऊन परतले असते. पण घोळ माझा होता. मी मावशीजवळ गेले.

"मावशी, चुकलं माझं. तुला उलटंच सांगितलं मी. ते काढलेलं सगळं टाकलंस कुठं?"

"बांधाच्या मागं हाय की ढीग. का गं?"

"लेकरांना तेच पाहिजे होतं."

मावशीनं माझ्याकडं नीट बघितलं. "एवढं शिकून कचरा बघाय आणलंस व्हय लेकरांना?" मग पदर खोचून मुलांकडं वळली. "चला रे, उठा. मावशीनं वाया घालवलेलं सगळं परत आणायचंय."

पहिल्यांदा दोघंच उठले. पाच मिनिटांत अकरा जण बांधावरून चढउतार करत होते. कुणी पाचोळा कवळ्यानं आणला, कुणी काळ्या रानाच्या भेगांत खडे टाकून कान लावून बसलं. दहाला वीज आली, मोटर सुरू झाली, पाटाला पाणी सुटलं. मग चिंचेच्या बोटकांच्या होड्या झाल्या, चिखलाचं धरण झालं, ते फुटलं, पुन्हा झालं. सारवण राहिलं नाही, रांगोळीही राहिली नाही.

ओवी आईच्या मांडीवर होती. कधी उतरली ते मला दिसलं नाही. दिसली तेव्हा अनवाणी बांधावर चढत होती, आणि वरून घसरली.

गुडघा खरचटला. मी औषधाची पेटी घेऊन पळाले, नेहाताई माझ्या पुढं. ओवीनं गुडघा बघितला, त्यावरची माती बोटानं पुसली आणि आईला म्हणाली, "थांब, मला परत जायचंय."

नेहाताई थांबल्या. ओवी पाच वेळा चढली. सहाव्या वेळी वरून हाक आली, "आई, तू पण ये." नेहाताईंनी सँडल काढून माझ्या हातात दिल्या.

जेवणात गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ. एकाही मुलाला भरवावं लागलं नाही. परतताना गाडीत सगळी झोपली. "आता चुप बैठे तो ठीक है," सलीमभाई म्हणाले. तुम्ही जाणार असाल तर हुरड्याच्या दिवसांत जा, कपड्यांचे दोन जोड न्या आणि मोटरची वेळ आधी विचारून घ्या.

सोमवारी बाईंनी विचारलं तेव्हा नेहाताईच आधी बोलल्या. "फरशी नको. मातीत एक उंचवटा करून द्या, ओवीला चढायला." मला बोलायचं कामच पडलं नाही. आता आमच्या मागच्या जागेत उंचवटा आहे, पाचोळा आहे आणि बिडकीनहून गोणीभर आणलेली चिंचेची बोटकं आहेत. रोज सकाळी मी तिथं काच आणि खिळे तेवढे शोधून काढते, बाकी कशाला हात लावत नाही.

काल मावशीचा फोन आला. "पुन्हा कवा आणतीस लेकरं? त्या दिवसापासून अंगण झाडलं नाय मी. शेजारणी नावं ठेवतेत."