मावसाजींचे तीन राखणदार

तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरची राखण कोण करतं, हे तुम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकाल का? नुसतं नाव नको. तो राखणदार कुठल्या गावचा, त्याचं पोट कशावर भरतं, तुमच्या घरात आल्यापासून त्याने काय काय उघडून पाहिलं, हे सगळं सांगा. नाही ना येत सांगता? अख्ख्या वऱ्हाडात या प्रश्नाची उत्तरं तोंडपाठ असलेला एकच माणूस मला माहीत आहे आणि तो म्हणजे अकोल्याचे माझे मावसाजी. सीमेवरचा जवानही कधीतरी डोळा मिटत असेल. मावसाजी आपल्या कॉम्प्युटरकडे पाठ करून जेवायलाही बसत नाहीत.

मावसाजी मूळचे शेंदूरजनाघाटकडचे, संत्र्याच्या बागेत वाढलेले. बाग ओसरली तेव्हा ते अकोल्याला आले आणि एका कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर त्यांनी उभी नोकरी काढली. म्हणजे बालपण चोरांकडे बघण्यात आणि जवानी काट्याकडे बघण्यात गेली. अशा माणसाच्या हाती साठीनंतर कॉम्प्युटर आला की काय होतं? तो कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून ठेवला जातो. उन्हाळ्यात कूलरचं तोंड त्याच्याकडे असतं. अकोल्याच्या मे महिन्यात, जिथे कावळासुद्धा सावली सोडत नाही, तिथे थंड वारा आधी कॉम्प्युटरला लागतो आणि त्याला लागून उरला तर माझ्या मावशीला. ती मला म्हणते, "लग्नात मले म्हनले होते, तुले फुलावानी ठेवीन. फूल हे निंगालं बाई, अन् मी कुंडी."

कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर मावशीची लाल टिकली लावलेली असते. दर सोमवारी ती बदलली जाते, कारण मावसाजींच्या मते जुन्या टिकलीचा डिंक सुटला की कडेने उजेड आत शिरतो आणि उजेडाच्या मागून माणूस. पाहुण्याने आणलेला पेनड्राइव्ह थेट कॉम्प्युटरला लावायची या घरात कोणाची हिंमत नाही. तो आधी गच्चीवर जातो. तिथे सुपात तुरीची डाळ वाळत असते, तिच्या शेजारी त्याला दोन तास ऊन दाखवलं जातं, मग कडुनिंबाचा पाला घातलेल्या डब्यात तो रात्रभर मुक्काम करतो. "कीड ते कीड," मावसाजी म्हणतात, "डाळीतली काय अन् याच्यातली काय. उनाले समदी भेते." मी एकदा सांगून पाहिलं की ही कीड उन्हाने मरत नाही, उलट पेनड्राइव्ह मरेल. ते शांतपणे म्हणाले, "मंग तर पुराच इलाज झाला."

फोनवरचे ठग तर मावसाजींना घाबरतात असं माझं प्रामाणिक मत आहे. बँकेतून बोलतोय, आकडा सांगा, असं म्हणणाऱ्या एका पठ्ठ्याला त्यांनी पाऊण तास फोनवर धरून ठेवलं होतं. तुमचं गाव कोणतं, तिथे पाणी किती फुटांवर, बापाचं काय चालतं, तुम्हाला या धंद्यात कोणी घातलं. शेवटी तो पोरगाच रडवेला होऊन म्हणाला की अंकल, मला ठेवू द्या फोन. मावसाजींनी तरी त्याला सोडताना बजावलं, "घरी फोन करत जाय. तुयी माय वाट पाह्यत असंन."

आता या एवढ्या बंदोबस्ताचं कारण सांगते. कॉम्प्युटरमध्ये एक फाईल होती. तिचं नाव 'बाग'. शेंदूरजनाघाटच्या त्यांच्या मळ्यात एके काळी तीनशे बारा संत्र्याची झाडं होती. विहिरीचं पाणी खाली गेलं, मग बोअरचं गेलं, झाडं शेंड्याकडून वाळत आली आणि कापली गेली. त्या जमिनीत आज हरभरा होतो. मावसाजींनी सहा वर्षं दर रविवारी थोडं थोडं करून एकेक झाड त्या फाईलमध्ये पुन्हा लावलं. रांग, क्रमांक, कलम कोणी बांधलं, मृग बहाराला जास्त धरायचं की आंबिया बहाराला, आणि शेवटच्या रकान्यात स्वभाव. 'झाड सत्तेचाळीस. एका अंगानेच फळ धरते. मन मानेल तसे.' 'झाड एकशे तीन. आंबट, पण बाबांना हेच आवडे.' 'झाड दोनशे साठ. याच्याखाली सुलोचनाला पहिल्यांदा पाहिले. फळ साधारण.' सुलोचना म्हणजे माझी मावशी. फळ साधारण या शब्दांवरून आजही त्या घरात भांडण होतं.

माणसं राखणदार नेमताना चेहरा बघतात, मावसाजी नकाशा बघतात. बागेचा त्यांच्या वडिलांच्या वेळचा दस्तूरच तसा होता. बहार धरला की राखणीला दोन माणसं ठेवायची, पण एका गावची कधीच नाही. एक वरूडकडचा, तर दुसरा थेट नांदगाव खंडेश्वरचा. एका गावचे असले की दोघं मिळून संत्री विकतात. परक्या गावचे असले की एकमेकांवर डोळा ठेवतात. हाच दस्तूर मावसाजींनी कॉम्प्युटरला लावला. त्यात एक नाही, तीन अँटिव्हायरस होते आणि ते तीन वेगवेगळ्या देशांचे. "याइची भाषाच येगयेगळी," ते मला अभिमानाने सांगत, "संगनमत करतीन कसे?"

संगनमत झालं नाही हे खरं. ते तिघं एकमेकांनाच चोर समजत. पहिला दुसऱ्याला धरी, दुसरा तिसऱ्याच्या नावाने बोंब मारी आणि या झटापटीत कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ लागे की मावशी तेवढ्यात कणीक मळून, पोळ्या लाटून, गॅस पुसून मोकळी होई.

आणि मला हे बघवत नव्हतं. माझे बाबा आयुष्यभर पत्रकं काढत आले. 'बंधू-भगिनींनो' हा मी वाचलेला पहिला शब्द आहे. अन्यायाच्या विरोधात गप्प बसणं मला शिकवलेलंच नाही, आणि मावसाजींच्या कॉम्प्युटरवर तर अन्यायाचा कहर होता. तीन राखणदारांपैकी दोन फुकटचे, रोज जाहिराती दाखवणारे. लिहायचा प्रोग्राम चोरीचा, कुठल्याशा दुकानदाराने टाकून दिलेला. मी अमरावतीहून येताना मुक्त सॉफ्टवेअरवर स्वतः लिहिलेलं चार पानी पत्रक आणलं आणि मावशीच्या पोह्यांपुढे त्याचं जाहीर वाचन केलं. हे सॉफ्टवेअर कोणा मालकाचं नाही, त्याची बांधणी उघडी आहे, कोणीही आत डोकावून पाहू शकतं, असं मी टेबलावर हात आपटून सांगितलं.

"तू पाह्यलं का डोकावून?" मावसाजींनी विचारलं.

"मी नाही, पण जगभरातले जाणकार पाहतात."

"म्हंजे तूबी दुसऱ्याच्याच भरवशावर हाय."

"मावसाजी, मुद्दा तो नाही!"

"मुद्दा तोच हाय, पोरी. मले राखनदाराचं एकच इचाराचं असते. तो जेवते कुठं? आपल्या घरी जेवत नसंन, तर आपल्या बागेत जेवते." मग म्हणाले, "पन तुया पत्रकात दम हाय. ठेव इथं. वाचून पाह्यतो. मी म्हनल्याशिवाय हात लावजो नको."

हे त्यांनी शनिवारी सांगितलं. रविवारी सकाळी ते कटिंग करायला गेले. मी कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर तीन राखणदारांच्या तीन चौकटी एकमेकींवर चढून ओरडत होत्या. पाच मिनिटं मी सहन केलं. मग मला वाटलं, वाट कसली बघायची? साखळ्या तोडायला कोणाची परवानगी लागते? मी एकेकाला काढायला घेतलं. पहिला गेला. दुसरा गेला. तिसऱ्याने जाता जाता मला काहीतरी विचारलं. माझ्या ताब्यात काही संशयित फायली कोंडलेल्या आहेत, त्या कायमच्या पुसून टाकू का, असं ते होतं. मी 'होय' दाबलं. लोकांनी वाचावं म्हणून चौकाचौकात पत्रकं वाटणाऱ्या मुलीने दोन ओळी धड वाचल्या नाहीत.

मावसाजी आले. मानेवर पावडर, कानामागे बारीक केस. कॉम्प्युटर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुरू झाला. ते खूश झाले, हे मला कबूल केलं पाहिजे. खुर्चीत बसले, इकडे शोधलं, तिकडे शोधलं आणि हळू आवाजात विचारलं, "कोठडी कुठं हाय?"

"कसली कोठडी?"

"त्या तिसऱ्याची. त्यात बाग होती."

मग सगळं कळलं. शेजारच्या एका मास्तरांनी त्या फाईलमध्ये आपोआप बेरीज करणारी काही करामत घालून दिली होती. तिसऱ्या राखणदाराला ती संशयास्पद वाटली आणि त्याने फाईल उचलून कोंडली. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मावसाजी हरखून गेले. जिथे खुद्द राखणदार दाराशी बसलेला, त्याहून सुरक्षित जागा कोणती? "कोठडीत चोरी कराले कोन जाते?" असा त्यांचा हिशोब. दर रविवारी ते फाईल सोडवत, एखादं झाड लिहीत आणि तिला पुन्हा आत जाऊ देत. दुसरीकडे तिची प्रत ठेवलीच नव्हती. दोन बागा म्हणजे दोन चोर, हेही त्यांच्याच वडिलांचं मत.

मी दिवसभर धडपडले. पुसलेलं परत मिळवणारी मुक्त सॉफ्टवेअरं एकामागून एक लावून पाहिली. हाताला काही लागलं नाही. मावसाजी माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. भांडणाची मला सवय आहे. ते फक्त उठले, कूलरला दोन्ही हातांनी धरलं आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडून आमच्याकडे वळवलं. "बसा वाऱ्याले," म्हणाले. मावशीने पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं मागितलेला वारा तिला आज मिळाला होता आणि तो तिला नको होता.

संध्याकाळी मी पिशवी उचलली तेव्हा मावशीनेच अडवलं. "कुठं निंगाली पुढारीण? पुसलं तू, आता लिहूबी तूच लाग." आणि मावसाजींकडे वळून, "तुमीबी उठा. झाडं का त्या डब्यात उगवली होती?"

तेव्हापासून दर रविवारी मी अमरावतीहून सकाळच्या एसटीने मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जाते. मावसाजींना बसून आठवत नाही. झाड आठवायचं तर त्यांना रांगेतून चालावं लागतं. म्हणून आम्ही गच्चीवर जातो, जिथे पूर्वी पेनड्राइव्ह वाळत. ते दोन झाडांमधल्या अंतराइतकी पावलं मोजून चालतात, थांबतात, हात वर करून फांदी चाचपतात आणि सांगतात. गच्ची लहान, त्यामुळे दर दोन झाडांनी वळावं लागतं. मी लॅपटॉप हातावर घेऊन मागे मागे. पायऱ्यांवरून मावशी दुरुस्त करते, "सोळावं आंबट नव्हतं! तुमी कच्चं तोडलं होतं." दोनशे साठाव्या झाडापाशी मावसाजी जरा जास्त थांबले. म्हणाले, "लिही. फळ गोड." मावशी खाली निघून गेली.

फाईल आता मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझं पत्रक त्यांनी खरंच वाचलं, पेन्सिलीने खुणा करून. राखणदार एकच ठेवला, तोही "जेवते कुठं" हे मला शोधून आणायला लावून. फाईलच्या मात्र तीन प्रती आहेत. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे अमरावतीला आणि एक मावशीच्या तूरडाळीच्या डब्यातल्या पेनड्राइव्हवर. तीन ठिकाणचे तीन राखणदार. हा दस्तूर मात्र मीच सुचवला.

पण अकरावी रांग येत नाही. दहावी येते, बारावी येते, मधे मावसाजी चार पावलं रिकामी चालतात आणि माझ्याकडे बघून हसतात. "सुटली रांग," म्हणतात, "पाह्यू पुढच्या रयवारी." त्या रांगेतल्या सव्वीस ओळी कोऱ्या आहेत. तिथे काय होतं हे फक्त त्या पुसलेल्या फाईलला ठाऊक होतं.

तेव्हा बंधू-भगिनींनो, सॉफ्टवेअर कोणतं निवडावं हे मी तुम्हाला नंतर कधीतरी सांगेन, हवं तर टेबलावर हात आपटून सांगेन. आज एवढंच करा. घरातल्या कॉम्प्युटरपाशी रोज बसणारं जे वयस्कर माणूस असेल, त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसा आणि विचारा की यातलं असं काय आहे, जे गेलं तर तुम्हाला पुन्हा आठवणार नाही? ते सांगतील, दाखवतील, वेळ लावतील. लावू द्या. त्याची एक प्रत दुसरीकडे उतरवून घ्या. आणि मगच कशालाही हात लावा.