दादाच्या सुटकेचा प्रश्न

आमच्या घरात आईला सगळेच वहिनी म्हणायचे. काका म्हणत, ते ऐकून थोरला दादा शिकला आणि त्याचं ऐकून मी. नांदेडच्या कॉलेजात मुलींनी यावरून माझी इतकी टर उडवली की चारचौघांत मी तिला 'आई' म्हणू लागले.

दादा परदेशात रस्त्याच्या कामावर वेल्डर होता. तिथल्या बंदूकवाल्यांनी सगळ्या कामगारांना ओलीस धरलं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कलेक्टर कचेरीतून अहमदपूरला निरोप आला. दोन्ही देशांच्या फौजा मिळून आत शिरणार होत्या. वेढा तिथल्या फौजेचा, माणसं ओळखायची आपल्या अधिकाऱ्यांनी, कारण बंदूकवाले कामगारांचेच कपडे घालून बसले होते. म्हणून घरच्यांनी एक प्रश्न आणि त्याचं उत्तर लिहून द्यायचं.

वहिनी म्हणाली, "मला काय म्हणतो ते इचारा म्हणावं. दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाई."

लातूरच्या कचेरीत कागद भरताना साहेब माझ्या हाताकडं बघत होते. मी उत्तर लिहिलं, 'आई'.

"हे तर कुणीही सांगेल," साहेब म्हणाले.

"आईची इच्छा आहे," मी म्हणाले. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात आलं, दादा तर 'वहिनी'च म्हणणार आणि ते त्याला बंदूकवाला समजणार. दुसऱ्या दिवशी धावत गेले, तर कागद दिल्लीला रवाना झाला होता. घरी मी कागद नीट पोचला एवढंच सांगितलं.

नंतर एका भर दुपारी आम्ही टँकरच्या रांगेत होतो. विहिरी आटलेल्या, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. वहिनी एकदम मागं वळली आणि म्हणाली, "आले रे!"

मागं कुणीच नव्हतं.

"दादानं हाक मारली. 'वहिनी' म्हणाला. लई जवळून."

त्याच शब्दानं त्याचा जीव जाणार होता आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

महिन्याभरानं दादा आला. वाळलेला, पण धड. त्यानं आपणहून सांगितलं, "तोंडातून वहिनीच निघालं. तसा शिपायानं बंदूक रोखली. मग डोक्यात आलं, कागद तू भरला असशील, अन् साहेबापुढं तू वहिनी लिहिणार न्हाईस. म्हणालो, आई."

तो हसत होता. वहिनी चुलीपाशी बसून ऐकत होती.

"माझी लाज वाटती का गं तुला?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणाले. ते खोटं होतं, आणि तिला ते कळलं.