दुसऱ्यांदा ओतायचं मेण
वाळ्याच्या अत्तराचा वास आला की गोरखपुरातलं आमचं मागचं अंगण आठवतं, आणि शेगडीवर वितळणारं मेण. मेणबत्त्या करायला मला शाळेतल्या सिस्टरनं शिकवलं होतं. मॅट्रिकच्या वर्षी एका दुपारी आई म्हणाली, "माझी मैत्रीण येऊन राहिली आहे, तिला शिकव." अनोळखी माणसांशी मी बोलत नसे, पण हाताला काम असलं की मला बोलता येई. मेण पाण्यासारखं पातळ झालं तशा आईच्या त्या मैत्रीणबाई म्हणाल्या, "काहून गं, अत्तर नाही टाकत?" "खाली उतरवल्यावर टाकायचं, मावशी, नाहीतर वास उडून जातो." तेल लावलेल्या बांबूच्या नळ्यांत मी मेण ओतलं. निवताना ते वातीभोवती खचतं, म्हणून थांबून पुन्हा ओतावं लागतं. तेवढ्या वेळात त्यांनी विचारलं, "मॅट्रिकनंतर काय?" बाबांनाही न सांगितलेलं मी सांगून टाकलं, "नागपूरला कॉलेजात जायचंय." "अच्छा," त्या हसल्या आणि आईकडे गेल्या. उरलेलं मेण मी तापवत होते, तेव्हा ओसरीवरून त्यांचा आवाज आला, "भाच्यासाठी पसंत आहे पोरगी. कॉलेजचं खूळ तेवढं काढा, जी." आई म्हणाली, "म्हणून तर तुम्हाला असं बोलावलं. दाखवायला बसवली असती तर तिनं तोंडच उघडलं नसतं." त्या दिवशी मी दुसऱ्यांदा मेण ओतलंच नाही. आज त्यांच्याच घरात त्यांच्या भाचेसुनेच्या, म्हणजे माझ्या, मेणबत्त्यांचं कौतुक होतं. मावशी अजून शेजारी बसून विचारतात, "मनात काय चाललंय गं?" "काही नाही," म्हणते मी, आणि मेण निवायची वाट पाहते.