लोइस पेंगेलीचे एकेचाळीस चिमटे

लोइस,

तुला ठाऊक असलेलंच तुला सांगणार आहे. पण गावात तुझ्याबद्दल जे अर्धवट बोललं जातं ते ऐकून माझे कान किटले, म्हणून एकदाचं सरळ लिहून काढते. मध्ये बोलू नकोस.

बावीस उन्हाळे तू टेहळणीच्या मनोऱ्यावर काढलेस. एकशे अठरा पायऱ्यांची लोखंडी शिडी, वर चारी बाजूंना काचा, दुर्बीण, वायरलेस, आणि खाली नजर पोहोचेल तिथवर पाइनचं जंगल. धूर दिसला की टेबलावरच्या चकतीवर दिशेचे अंश मोजायचे आणि कळवायचे. पलीकडच्या मनोऱ्यावरून मर्व्ह त्याचे अंश सांगणार. दोघांच्या रेघा नकाशावर जिथे छेदतात तिथे आग. एकट्याची रेघ नुसती रेघ असते; तिच्यावर बंबाने थांबायचं कुठे?

चार वर्षांपूर्वी तू वरून आभाळाचा एक फोटो फोनने काढून इंटरनेटवर टाकलास. लोकांना आवडला. मग रोज एक, मग दिवसाला तीन. नऊ हजार माणसं तुझं आभाळ बघायला लागली आणि तू त्यांना बघायला लागलीस.

"जेवताना तरी ठेव तो फोन खाली," मी म्हटलं.

"अगं, माणसं वाट बघतात."

"कशाची, ढगांची? त्यांच्याकडे ढग नाहीत?"

चार दिवस माझ्याशी धड बोलली नाहीस.

मग जानेवारीतली, म्हणजे आपल्याकडच्या ऐन उन्हाळ्यातली, ती दुपार. एकेचाळीस डिग्री, उत्तरेचा तापलेला वारा. दोन वाजून दहा मिनिटांनी तू फोटो टाकलास आणि एकेकाला उत्तरं देत बसलीस. फिनलंडच्या कुणा बाईने विचारलं, "डाव्या कोपऱ्यात ते करडं काय आहे?" तू तिला लिहिलंस, "धन्यवाद." वर एक लाल बदाम.

वायरलेसवर मर्व्ह ओरडत होता. "लोइस, एकशे बारा अंश, धूर. तुझी रेघ दे. लोइस? अगं महाराणी, झोपलीस का?"

तू मान वर केलीस तोवर सहा मिनिटं गेली होती. बंब मर्व्हच्या एकट्या रेघेवर निघून भलत्याच घळीत उतरले होते. कुणी माणूस दगावलं नाही. खालच्या कुरणांवर मेंढ्या पाळणाऱ्या गस लेमनची शेड मात्र जळाली, वर्षभराच्या चाऱ्यासकट.

मर्व्ह म्हणाला, "वायरलेस बिघडला होता म्हण. मी हो म्हणतो."

"वायरलेस ठणठणीत होता, मर्व्ह. बिघडलेय ती मी."

खाली उतरून तू ट्रूडीला, म्हणजे तुमच्या अधिकारीणबाईंना, तो फोटो दाखवलास. वेळेसकट, फिनलंडसकट. ट्रूडी म्हणाली, "हंगाम संपेपर्यंत बघते. पुन्हा एकदा उत्तर आलं नाही, तर शिडी उतरायची ती कायमची."

मला वाटलं, आता तू फोन तळ्यात फेकणार. फेकला नाहीस. "फेकून काय होईल? हात माझाच राहील," म्हणालीस. फोन बंद करून पिशवीत ठेवलास आणि घरून कपडे वाळत घालायचे चिमटे नेलेस. हात पिशवीकडे गेला की खिडकीच्या तारेवर एक चिमटा. पहिल्या संध्याकाळी एकेचाळीस झाले. ट्रूडी वर आली आणि म्हणाली, "काय गं, धुणं कुठाय?"

एकेक चिमटा कशामुळे लागला तेही तू वहीत टिपलंस. "मला वाटायचं, कंटाळा येतो म्हणून बघते," तू मला सांगितलंस. "कंटाळ्याचे चारच निघाले. बाकी सगळे, कालचा फोटो कुणाला आवडला याचे. आणि एक तर ऐकूच नकोस. दूर धूळ उडाली, तर हात आधी फोनकडे गेला, चकतीकडे नंतर."

त्याच संध्याकाळी खातं बंद केलंस. निरोपाचे चार शब्दसुद्धा टाकले नाहीस. "टाकले असते तर कोण काय म्हणतंय ते बघत बसले असते." दुसऱ्या दिवसापासून फोन खाली गाडीत, कुलपात. पुढचे तीन आठवडे तू सगळ्यांवर खेकसत होतीस, माझ्यावर सगळ्यांत जास्त, पण रिकाम्या पिशवीकडे हात गेला की चिमटा लावायचं सोडलं नाहीस. सव्वीस, चौदा, नऊ. फेब्रुवारीत वीज पडली तेव्हा मर्व्हच्या आधी तुझे अंश आले. मार्चअखेर दिवसाला दोन चिमटे उरले. शून्य झालं असं मी लिहिणार नाही, कारण झालेलं नाही. ट्रूडीने पुढच्या हंगामाच्या कागदावर सही केली तेव्हाही तारेवर एक होता.

राहिला गस. त्याला खरं माहीत नाही; शेड जळाली म्हणून तो अजून वाऱ्यालाच शिव्या देतो. "त्याच्या तोंडावर सांगायचंय," तू म्हणालीस. "गाडी तू चालव, नाहीतर मी अर्ध्या वाटेतून परत फिरेन." गुरुवार ठरला. माझा गुडघा सुजला. पुढच्या गुरुवारी त्याच्याकडे मेंढ्यांची कातरणी निघाली. एप्रिलमध्ये तो कुरणं विकून मुलीकडे पर्थला गेला. फोनवर सांगायला तू तयार नाहीस, आणि ते बरोबरच आहे. विमानाची दोन तिकिटं काढायचं मी कबूल केलं होतं. ती अजून काढलेली नाहीत.